फ्रेशर पाहिजे म्हणे, तोही 2 वर्षं अनुभव असलेला

आज सकाळी एक रिजेक्शन मेल आला. कुठे अप्लाय केलं होतं तेसुद्धा मी विसरून गेले होते एवढी जुनी गोष्ट, मधल्या काळात मला दुसरीकडे नोकरी लागली, प्रोबेशन संपलं, कन्फर्म झाले, आणि हे आत्ता कळवतायत. बरं कळवतायत कसं, तर 'डिअर' आणि पुढे दोन-दोन महिरपी कंसांत 'फर्स्ट नेम'. माझं नाव नाहीच. टेम्प्लेटमधला टॅग जसाच्या तसा आलाय. आणि जागा कुठली होती? ईमेल मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह!

डोकंच फिरलं माझं. टॅग नीट टाकायचा, नाव रिकामं असलं तर फॉलबॅक म्हणून साधं 'नमस्कार' जाईल असं ठेवायचं, आणि सगळ्यांना पाठवायच्या आधी स्वतःला एक टेस्ट मेल करायचा, हे ह्या कामातलं पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि ह्याच लोकांनी मला इंटरव्ह्यूत विचारलं होतं की बारीकसारीक गोष्टींकडे तुमचं किती लक्ष असतं, उदाहरण द्या. दिलं होतं मी उदाहरण, चांगलं तयारी करून दिलं होतं. वर मेलमध्ये लिहिलंय 'तुमच्या प्रोफाइलचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला'. माणसाचं नाव टाकायची काळजी घेता आली नाही आणि प्रोफाइलची घेतली? पाठवणारा पत्ता नो-रिप्लाय, म्हणजे उलट चार शब्द सुनवायचीसुद्धा सोय ठेवलेली नाही.

आता विषय निघालाच आहे तर सगळंच बाहेर येऊ दे. वर 'एंट्री लेव्हल' आणि खाली 'किमान 2 ते 3 वर्षं अनुभव', हे लिहिताना कुणाचाच हात कसा अडखळत नाही? आधी सीव्ही अपलोड करा, मग त्याच सीव्हीतलं सगळं एकेका रकान्यात परत भरा, शेवटच्या पानावर 'सध्याचा सीटीसी', म्हणजे वर्षाचा एकूण पगार, कम्पल्सरी, शून्य टाकलं तर फॉर्म पुढेच जात नाही. एकाच माणसाने एसइओ (गूगलच्या शोधात साइट वर आणणं) करायचं, अ‍ॅड्स चालवायच्या, कॉपी लिहायची, पोस्ट डिझाइन करायच्या, रील एडिट करायची आणि इव्हेंटला कॅमेरापण धरायचा, आणि पगाराच्या जागी 'अ‍ॅज पर इंडस्ट्री स्टँडर्ड्स'. असाइनमेंट म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मागायचं अख्ख्या तीन महिन्यांचं कंटेंट कॅलेंडर, सोमवारपर्यंत, फुकटात, आणि ते मिळालं की फोन उचलणं बंद. असाइनमेंट पोचली एवढं तरी लिहा की राव!

सर्टिफिकेटचं तर विचारूच नका. गूगल अ‍ॅड्सचं सर्टिफिकेट मस्ट, असं जाहिरातीत लिहितात. ते गूगलच्याच स्किलशॉप ह्या ट्रेनिंग साइटवर फुकट मिळतं, चालतं एकच वर्ष, मग परत परीक्षा. मी दिली, मुदत संपल्यावर परतही दिली. आणि समोरचे साहेब म्हणतात, सर्टिफिकेट काय कोणीही आणतं, लाइव्ह बजेट, म्हणजे जाहिरातींवरचा खरा पैसा, किती हँडल केलंय ते बोला. अहो, नोकरीच नाही तर बजेट माझ्या हातात देणार कोण? आणि मग जाहिरातीत मागितलं कशाला?

एका इंटरव्ह्यूवर तर मी अजून जळते. बाउन्स रेट म्हणजे काय, विचारलं. मी म्हटलं, वेबसाइटवर कोण आलं-गेलं ते मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्समध्ये एक पान बघून काही न करता निघून गेला की बाउन्स, मग तो पाच मिनिटं मन लावून वाचत का बसला असेना. त्याच्या जागी आलेल्या जीए4 मध्ये तसं नाही, 10 सेकंदांच्या वर थांबला किंवा दोन पानं बघितली किंवा 'की इव्हेंट' (खरेदी, फॉर्म भरणं असं आपण महत्त्वाचं ठरवलेलं काम) झाला तर ते सेशन, म्हणजे ती भेट, एंगेज्ड, आणि उरलेल्यांची टक्केवारी म्हणजे बाउन्स रेट. तर म्हणाले, तुमचे बेसिक्स कच्चे आहेत, एक पान बघून गेला म्हणजे बाउन्स, विषय संपला. युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने साध्या, म्हणजे फुकटातल्या, खात्यांचा डेटा घेणं 1 जुलै 2023 ला बंद केलं, त्यानंतरची ही गोष्ट! मी शांतपणे सांगायचा प्रयत्न केला तर 'अ‍ॅटिट्यूड आहे' असा शेरा, तोही माझ्यासमोर. घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते रागाने.

शेवटी कस्टमर सपोर्टची नोकरी धरली, कारण घरात बसून सीव्ही पाठवत राहणं परवडत नव्हतं. तिथे रोज तेच तिकीट, तुमचे मेल येत नाहीत. आम्हाला उत्तर ठरवून दिलेलं, स्पॅम फोल्डर बघा. एकदा मी माझ्याच जीमेलमध्ये कंपनीचा ऑफरचा मेल उघडला, 'शो ओरिजिनल' करून मेलमागची तांत्रिक माहिती बघितली, तर डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनचाच आहे का ही तपासणी, त्याच्यासमोर 'फेल'. मार्केटिंगने मेल पाठवायचं नवीन टूल घेतलेलं आणि आपल्या डोमेनवर त्याचं डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, सेटच केलेलं नव्हतं. आणि फेब्रुवारी 2024 पासून जीमेल खात्यांना दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने एसपीएफ (आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीचं केलंय. मी तिकीट नंबर, स्क्रीनशॉट, सगळं लावून मार्केटिंगला लिहिलं. उत्तर नाही. परत लिहिलं. टीम लीड म्हणाले, हे आपलं काम नाही, तू कॉल घे. तरी दर आठवड्याला नवीन तक्रारींची शीट पाठवतच राहिले, शेवटी एका मोठ्या सेलचे मेल स्पॅममध्ये गेल्यावर मार्केटिंगच्या मॅडमनी माझे सगळे मेल एका बैठकीत वाचले आणि मला बोलावून घेतलं. पुढच्या महिन्यात मी त्यांच्या टीममध्ये होते. सीव्ही तोच. सर्टिफिकेटं तीच. त्याच कंपनीच्या पोर्टलने मला आधी नाकारलेलं होतं!

आणि ह्यावर लोक म्हणतात काय, तर नशीब काढलंस बाई. योग्य वेळी योग्य जागी होतीस. संताप होतो मला ह्या वाक्याचा. रात्री शिफ्ट संपल्यावर डोमेनच्या ह्या सगळ्या सेटिंग्ज जिथे असतात ते डीएनएस रेकॉर्ड म्हणजे काय ते वाचत कोण बसलं होतं, नशीब? कुणी उत्तर देत नसताना सारखं सारखं लिहिलं कुणी? आणि माझ्यासोबत क्लासला होती ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली कॉपी लिहायची, तिला असं कुणी आत घेतलं नाही, कंटाळून तिने लाइनच सोडली. तिचं काय चुकलं होतं, सांगा ना.

आता आमच्याच टीममध्ये एक जागा निघालीये. एचआरकडून जेडीचा, म्हणजे कामाच्या वर्णनाचा, ड्राफ्ट आला, 'फ्रेशर, 1 ते 2 वर्षं अनुभव आवश्यक'. मी ती ओळ खोडली. दुपारी ड्राफ्ट परत आला तर ओळ परत जागेवर. परत खोडलीये, आणि बाजूला कमेंट टाकलीये की फ्रेशरने हा अनुभव कुठून आणायचा ते लिहून द्या, म्हणजे जाहिरातीत छापू. मॅडमना कॉपीत ठेवलंय. उद्या ती ओळ परत आली तर मी उठून एचआरच्या डेस्कवरच जाणार आहे.