मानेवरचं 27 किलो ओझं: फिरत्या मेसेजला मुद्द्यांनिशी उत्तर

वडोदऱ्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र सारखं फिरत असतं. मोबाइलवर वाकलेल्या माणसाच्या पाच आकृत्या, प्रत्येकीपाशी अंश आणि किलो लिहिलेले. शेवटची आकृती 60 अंशांची, 27 किलोची. खाली मजकूर असा, की एवढ्या ओझ्याने मानेचे मणके झिजतात, नस दबते. म्हणून दिवसभर ताठ बसा, पोश्चर बेल्ट बांधा, उशी काढून टाका आणि दुखायला लागलं की पडून राहा. मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तो वाचून माणसं मान हलवायलाच घाबरतात, आणि न हलवलेली मान आणखी आखडते. म्हणून एकेक दावा तपासू.

«मान झुकवली की 27 किलो ओझं पडतं»

आकडा कुणी मनाने रचलेला नाही. 2014 मध्ये न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी कॉम्प्युटर मॉडेलवर हा हिशेब मांडला. मान सरळ असताना साडेचार ते साडेपाच किलो, 15 अंशांवर 12, 30 वर 18, 45 वर 22 आणि 60 वर 27. डोकं पुढे गेलं की ते धरून ठेवायला मानेमागच्या स्नायूंना जास्त ताकद लावावी लागते, आणि त्या ओढीने मणके एकमेकांवर दाबले जातात, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिशेबात एकही रुग्ण नव्हता. कुणाची मान दुखते का, मणके झिजले का, हे त्यात तपासलेलंच नाही. झिजेची गोष्ट पुढे मेसेजवाल्यांनी जोडली.

मुळात किलोचा आकडा मोठा दिसला म्हणजे इजा होते, हेच चूक आहे. सेन्सर असलेले कृत्रिम गुडघे बसवून बर्लिनमध्ये मोजमाप झालं, तेव्हा सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण अडीच पट आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट भार आला. म्हणजे 60 किलोचा माणूस पावागडच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर 200 किलोच्या आसपास भार घेतो. म्हणून पायऱ्या उतरणं बंद करा, असं कुणी सांगत नाही. हाडं, कूर्चा (सांध्यातलं मऊ हाड), स्नायू हे भार घेऊनच टिकतात. भार बेताबेताने वाढला तर ते त्याला सरावतात.

«वाकून बसणाऱ्याची मान दुखणारच»

ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरो इथे 18 ते 21 वयाच्या 150 मुलामुलींची मोबाइल पाहतानाची मान तपासली गेली. 2018 मध्ये निष्कर्ष आला: वाकलेली मान आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात 17 वर्षांच्या 1108 मुलांच्या बसण्याच्या पद्धतींचे गट पाडले, तिथेही पाठ गोल करून बसणाऱ्यांना मानदुखी जास्त नव्हती. अभ्यासाला बसलेल्या मुलाला दर पाच मिनिटांनी «ताठ बस» म्हणून ओरडणं म्हणूनच थांबवावं. त्याला अर्ध्या तासाने उठवून पाणी आणायला पाठवणं जास्त कामाचं.

मग मान दुखते कशाने? अपुरी झोप, मनावरचा ताण, आधी येऊन गेलेलं दुखणं, तासन्‌तास एकाच स्थितीत राहणं. आणि एक कारण वडोदऱ्यात दरवर्षी दिसतं: सवय नसताना एकदम पडलेला ताण. 14 आणि 15 जानेवारीला उत्तरायणात लोक सकाळपासून अंधार पडेपर्यंत गच्चीवर मान मागे टाकून पतंग पाहतात. ही स्थिती मोबाइलच्या बरोबर उलट, तरी दुसऱ्या दिवशी मान धरते. मान पुढे झुकली की मागे, यावर ते ठरत नाही. वर्षभर न केलेली गोष्ट दोन दिवस सलग केली, यावर ठरतं. जानेवारीच्या सुरुवातीपासून रोज थोडा वेळ वर पाहण्याची सवय केली, पतंग काटला गेला की मध्ये खाली बसलं, तर त्रास बराच कमी होतो. ज्यांच्या हातात आधीच कळ येते त्यांनी मात्र दुखऱ्या बाजूला वळून वर पाहणं टाळावं. त्या स्थितीत मणक्यांमधून नस बाहेर पडते ती फट अरुंद होते.

«नस दबते, एमआरआयमध्ये दिसतंच»

जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या 1211 लोकांचे एमआरआय काढले, तर 87.6 टक्क्यांमध्ये दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगलेली निघाली. विशीतल्या तरुणांतही दर चारांपैकी सुमारे तिघांमध्ये. त्यामुळे रिपोर्टमध्ये «बल्ज» (फुगवटा) शब्द दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही. नस खरोखर चिडलेली असते तेव्हा कळ खांद्यावरून हातात उतरते, ठरावीक बोटांत मुंग्या येतात, कधी पकड किंवा दंड कमजोर होतो. बोटांची नावं आणि कमजोरी तपासणीत सांगा. रिपोर्ट त्याच्याशी जुळला तरच त्याला अर्थ. बहुतेकांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो.

«दिवसभर ताठ बसा, बेल्ट बांधा»

1999 मध्ये एका माणसाच्या कमरेच्या गादीत सेन्सर बसवून दाब मोजला गेला. सैल उभं असताना 0.50 मेगापास्कल (दाबाचं एकक), मुद्दाम ताठ बसल्यावर 0.55, मागे रेलून बसल्यावर 0.30 च्या आसपास. एकाच माणसाचं मोजमाप म्हणून त्यावर इमले बांधायचे नाहीत, पण «ताठ बसलं की मणका सुटतो» हे त्यात दिसत नाही. बेल्ट खांदे मागे खेचतो. मानेचे स्नायू त्याने बळकट होत नाहीत. घट्ट बांधला तर काखेत रुततो, हातात मुंग्या येतात.

«उशी काढा, पडून राहा»

कुशीवर झोपणाऱ्याने उशी काढली तर डोकं खाली लोंबतं आणि मान रात्रभर एका बाजूला वाकलेली राहते. खांद्याची कड ते कान, एवढी जागा भरेल इतकी उशी हवी. उताणं झोपणाऱ्याला त्याहून पातळ पुरते. पडून राहण्याबद्दल: 1995 मध्ये हेलसिंकीतल्या कर्मचाऱ्यांच्या कंबरदुखीवर तीन उपाय ताडून पाहिले. दोन दिवस विश्रांती, ठरावीक व्यायाम, किंवा झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणं. रोजची कामं करत राहिलेले सगळ्यात लवकर सुधारले.

मेसेजमध्ये सगळ्यात उपयोगाची गोष्टच नाही: मानेला ताकद देणं. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या 198 ऑफिस कर्मचाऱ्यांचे गट पाडले; त्यातल्या दोन गटांनी रबरी बँड घेऊन हात बाजूला उचलण्याचा व्यायाम केला, तिसऱ्याने नाही. आठवड्यातून 5 दिवस, 10 आठवडे. रोज फक्त 2 मिनिटं करणाऱ्यांचंही दुखणं कमी झालं.

करायचं असं. बँडवर दोन्ही पाय ठेवून उभे राहा, दोन्ही टोकं हातात घ्या. कोपरं किंचित वाकवून हात बाजूला, थोडे पुढच्या दिशेने, खांद्याच्या उंचीपर्यंत न्या आणि सावकाश खाली आणा. बँड नसेल तर पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या चालतात. हमखास होणारी चूक म्हणजे हात उचलताना खांदे कानाकडे चढतात. तसं झालं तर बँड जड आहे, हलका घ्या. दोन मिनिटं झाल्यावरही दमल्यासारखं वाटलं नाही तर तो फारच हलका आहे.

दुसरा व्यायाम उताणं पडून, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल घेऊन. डोकं न उचलता अगदी बारीक «हो» म्हणावं तशी हनुवटी खाली घ्या, 10 सेकंद धरा, असं 10 वेळा. एक बोट गळ्याच्या बाजूला ठेवा. तिथले जाड स्नायू दोरीसारखे ताठले, किंवा श्वास रोखला गेला, तर जोर जास्त लागतोय, अर्धा करा. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीन-चारच्या वर नको, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्ववत व्हायला हवं. झालं नाही तर संख्या कमी करा, व्यायाम सोडू नका.

मोबाइल डोळ्यांच्या उंचीला धरल्याने आज बरं वाटत असेल तर काही दिवस जरूर वर धरा. तो तात्पुरता आराम आहे.

काही लक्षणांत मात्र व्यायाम करत बसू नका, मेसेज वाचत तर नाहीच; डॉक्टरांना दाखवा. हातापायांतली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, बटण लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी अडकणं किंवा न कळत होणं, पडल्या-आपटल्यानंतरची मानदुखी, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणं, आधी कॅन्सर होऊन गेलेला असणं. लघवीचा त्रास आणि बधिरपणा एकत्र असेल तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.