तो लढलाय तरी कोणाशी?

बॉक्सिंगमधलं आपल्याला फार कळतं हे चारचौघांत सिद्ध करायचं असेल, तर जॅब कसा मारतात, पाय कसे टाकतात, डावखुऱ्यासमोर कुठून सरकायचं, यातलं काहीही शिकू नका. एकच वाक्य पाठ करा : "पण तो लढलाय तरी कोणाशी?" म्हणताना ओठ जरा दुमडायचे आणि पोह्यांवर लिंबू पिळायचं. ही विद्या मला आमच्या दाजींकडून मिळाली. १४ सप्टेंबर २०२५, रविवार सकाळ. घर माझं, पोहेही माझेच.

त्या रविवारी अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड आणि मेक्सिकोचा कॅनेलो अल्वारेझ यांची लढत होती. त्याआधी शुक्रवारी रात्री दाजींचं मत असं होतं : "क्रॉफर्ड एक्केचाळीस लढती जिंकला, मान्य. पण त्यात एक तरी गडी आहे का? कॅनेलो हाडं मोडणार त्याची." रविवारी लास व्हेगासला बारा राउंड झाले. तिन्ही पंचांनी टेरेन्स क्रॉफर्डला कौल दिला : ११६-११२, ११५-११३, ११५-११३. निवेदकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दाजी म्हणाले, "कॅनेलो संपलेलाच होता रे. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं झाली! म्हणजे शुक्रवारी जो हाडं मोडणार होता, तोही संपलेलाच होता.

तर पहिला धडा हा. समोरच्याची लायकी निकाल लागल्यावर ठरवायची. आमच्याकडे जत्रेच्या कुस्तीत जोड आधी बघतात. दोघांची अंगलट, उंची, मागच्या कुस्त्या बघून म्हातारी माणसं आधीच सांगतात, तोडीस तोड आहे की नाही. अडाणी लोक! चितपट झाल्यावर सांगितलं असतं तर कधी चुकलेच नसते.

दुसरा धडा, वय. वय हरलेल्याचं विचारायचं. जिंकलेल्याला वय नसतं. संपलेला कॅनेलो पस्तीस वर्षांचा होता आणि त्याला हरवणारा दोन आठवड्यांनी अडतीस पूर्ण करणार होता, हे दाजींना सांगायला गेलो तर त्यांनी चहा मागितला. क्रॉफर्डने २०१४ साली पहिला जागतिक किताब घेतला तो १३५ पौंडांच्या गटात, कॅनेलोशी लढला तो १६८च्या. मधलं ३३ पौंडांचं अंतर कुठे गेलं? चहात.

बरं, हा कॅनेलो ऐन भरात होता तरी कधी? २०१३ साली मेवेदरने हरवलं तेव्हा तो तेवीस वर्षांचं पोर होतं. २०२२ साली बिव्होलने हरवलं तेव्हा गट वजनाला जड होता. २०२५ साली म्हातारा झाला. मधे तो स्वतः जिंकला, तर त्याच २०२२ साली तिसऱ्यांदा समोर आलेला गोलोव्हकिन चाळिशीचा, म्हणून तेही बाद. एकूण कॅनेलोच्या भराचा काळ एखाद्या मंगळवारी दुपारी येऊन गेला असावा. नेमकी त्या दिवशी लढत नव्हती.

वजन हे रामबाण औषध. हरलेला वजन उतरवून सुकलेला असतो, नाहीतर चढवून सुस्तावलेला.

एखादा एकदाही हरला नसेल तर तो घाबरून निवडून लढला. हरला असेल तर हरलाच की!

जुन्या काळचा हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो, त्याला तर सोडूच नका. ४९ लढती, ४९ विजय. पण १९५१ साली त्याने माजी जगज्जेता जो लुई याला पाडलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा, कर फेडायला रिंगणात परत आलेला. १९५५ साली आर्ची मूर समोर आला, तर त्याच्या जन्मसालाचाच घोळ. कुठलंही साल धरा, चाळिशीच्या आसपासचा. या मूरने दुसऱ्या राउंडमध्ये मार्सियानोला खाली बसवलं होतं, हे मात्र सांगायचं नाही. नाहीतर मूर चांगला ठरतो, आणि मग मार्सियानोही.

गणिताचीही मदत घ्यावी. फ्रेझर आणि नॉर्टन, दोघांनी मुहम्मद अलीला हरवलं. फोरमनने या दोघांना प्रत्येकी दोन राउंडमध्ये लोळवलं. म्हणून १९७४ साली किन्शासात फोरमन अलीचा चुराडा करणार, हे सातवीतलं पोरही सांगेल. आठव्या राउंडला फोरमन खाली पडला त्याला गणित काय करणार!

क्रॉफर्डच्या तोडीचा मानला जाणारा एरॉल स्पेन्स, त्याचं तर मला बोलवतच नाही. कित्येक वर्षं हेच दाजी म्हणत होते, स्पेन्सशी लढून दाखव म्हणावं, मग मानू. २०२३च्या जुलैमध्ये क्रॉफर्डने स्पेन्सला तीनदा खाली पाडलं, नवव्या राउंडला रेफरीने लढत थांबवली. मानलं? छे. स्पेन्स म्हणे २०१९च्या मोटार अपघातातच संपला होता. अहो, अपघातानंतर तो डॅनी गार्सियाशी जिंकला, उगासला थांबवून जगज्जेतेपदाचा तिसरा पट्टा घेतला, तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवत होता ना?

आपल्या माणसालाही हीच पट्टी. ऑगस्ट २०१७, वरळी. विजेंदर सिंग दहा राउंड लढून चिनी मैमैतियालीशी जिंकला. दाजी : "चायनीज माल." मार्च २०२१, गोवा. पणजीला जहाजाच्या गच्चीवर रशियाच्या लोपसानने विजेंदरला त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा हरवलं. म्हणजे आता लोपसान तरी चांगला? "कोण लोपसान? तो लढलाय कोणाशी?" एकाच लढतीत दोघं फालतू. ही सिद्धी कुणालाही मिळत नाही, त्याला तप लागतं.

आता शेवटचा धडा. खरं तर तिथेच माझं डोकं फिरलं. पोहे संपता संपता दाजींनी मोबाइलवर क्रॉफर्डच्या सुरुवातीच्या लढतींची यादी काढली आणि बोटाने सरकवत म्हणाले, "हा भंगार. हा भंगार. हा टोमॅटोचा डबा." टोमॅटोचा डबा म्हणजे ठोसा बसला की लाल गळणारा. नाव नीट वाचलंही नाही. हारजितीचा आकडा बघितला, पुढे सरकले.

पीटर बकली नावाचा एक बर्मिंगहॅमचा माणूस होता. तीनशे लढती, त्यात २५६ हार. दाजींच्या हिशोबाने भंगाराचं गोदाम. ब्रिटनमधल्या छोट्या कार्यक्रमांत घरचा पोरगा तिकिटं खपवतो, आणि समोर उभं राहायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे बकली. ऐनवेळी फोन येतो, माणूस बॅग भरून निघतो, परक्या गावात परक्या प्रेक्षकांसमोर उभा राहतो, जिंकणार नाही हे ठाऊक असतं. पण पडायचंही नसतं. नॉकआउट झाला तर डोक्यासाठी सक्तीची विश्रांती, म्हणजे तितके आठवडे कमाई बंद. म्हणून तो ठोसे चुकवायला शिकतो, मिठी कधी मारायची ते शिकतो, आणि समोरच्या पोराला चार राउंडमध्ये जे शिकवतो ते कुठलाही मास्तर शिकवत नाही. नसीम हमीद पुढे जगज्जेता झाला, तोही सुरुवातीला बकलीशी दोनदा लढला. ख्रिश्चन लेटचंही तेच, तीनशे लढती, २७९ हार. ही माणसं नसती तर तुमचे जगज्जेते आरशाशी लढून मोठे झाले असते का?

दाजी, तुम्हाला जिन्याचे तीन मजले चढले की धाप लागते. लिफ्ट बंद पडली तर सोसायटीच्या सचिवाला फोन करता. आयुष्यात कुणी तोंडावर एक ठोसा मारलेला नाही, आणि तीनशे वेळा रिंगणात उतरलेल्या माणसाला सोफ्यावर लवंडून भंगार म्हणता? लाज नाही वाटत? क्रॉफर्ड आवडत नाही, तर आवडत नाही म्हणा. माझा अंदाज चुकला म्हणा. जीभ झडत नाही तेवढ्याने. पण आपला अंदाज झाकायला हरलेल्या माणसाच्या सगळ्या आयुष्याची माती करू नका.

दाजी, पुढच्या लढतीला या, पोहे करतो. पण घंटा वाजायच्या आत कागदावर लिहायचं : कोण चांगला, किती चांगला, वय चालेल का, वजन चालेल का. खाली सही करायची. कागद फ्रिजला चिकटेल, आणि निकालानंतर त्याला हात लावायचा नाही. ताईला साक्षीदार ठेवलं आहे.