'नुसती कॉमेडी आहे हो' म्हणणाऱ्या त्या पोस्टबद्दल

गेले काही दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. फॅमिली ग्रुप, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, कुठलाच सुटला नाही. तिचं म्हणणं थोडक्यात असं की सिनेमातली बायकी पुरुषांची पात्रं म्हणजे निव्वळ करमणूक, त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही. आपल्याकडे नाच्या होता, बालगंधर्व होते, म्हणजे आपण पहिल्यापासूनच मोकळ्या मनाचे. असे रोल करणाऱ्यांना तर अवॉर्डं मिळालीत. सिनेमा समाजात दिसतं तेच दाखवतो आणि लोकांना हवं तेच देतो. आणि असल्या विनोदावर आक्षेप घेणारी ही नवीन मंडळी उद्या 'अशी ही बनवाबनवी' पण बंद करायला लावतील. खाली सगळ्यांचे अंगठे. मला यातला एकही मुद्दा पटत नाही आणि का पटत नाही ते नीट लिहावंसं वाटलं, कारण ही पोस्ट फॉरवर्ड करणारे सगळे वाईट नाहीत, बरेचसे आपले काका-मामा आहेत आणि त्यांनी यावर कधी विचारच केलेला नाही.

'कुणाचं काही बिघडलं नाही' हे पहिलं. गणपत पाटील आठवतात ना? कोल्हापूरचे. 'केला इशारा जाता जाता', 'सवाल माझा ऐका', तमाशापटांचा जो जमाना होता त्यात नाच्या म्हटलं की तेच. ती कमरेतली लचक, टाळी आणि 'आत्ता गं बया', अख्खा महाराष्ट्र त्यांची नक्कल करायचा. आणि तीच नक्कल रस्त्यानं जाताना त्यांच्या मागे लागायची. ज्या नटाला बायको होती, मुलंबाळं होती, त्याला लोक खऱ्या आयुष्यात पण तसलाच समजायचे, मुलांची लग्नं जमायला त्रास झाला, हे त्यांच्याबद्दल वारंवार सांगितलं आणि लिहिलं गेलंय. नुसता अभिनय करणाऱ्या, नाव असलेल्या, पडद्यावर लोकप्रिय असलेल्या माणसाची ही गत. मग ज्याचं चालणं-बोलणं मुळातच तसं आहे, जो अभिनय करत नाहीये, ज्याला मेकअप पुसून घरी जायची सोय नाही, त्याचं काय होत असेल याचा विचार पोस्ट लिहिणाऱ्यानं एकदा करायचा होता.

आणि अजून एक, गणपत पाटलांची ही गोष्ट सांगताना आपण सगळेच हळहळून काय म्हणतो, की 'बिचारा, खऱ्या आयुष्यात अगदी पुरुष होता हो'. म्हणजे चूक काय झाली तर भलत्याच माणसाला चिडवलं! खरोखर बायकी असता तर चाललं असतं का? हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं, परंपरा. हा मुद्दा लोकांना फार आवडतो आणि त्यात थोडं तथ्य पण आहे म्हणून त्यावर जास्त लिहितो. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांना तारामती करायला बाई मिळाली नाही, तर हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पण तेच आणि सीता पण तेच. आपल्या सिनेमाची पहिली नायिका पुरुष होता हे अगदी खरं. बालगंधर्वांचं शालू नेसणं, नथ, पदर घ्यायची पद्धत बघून घरंदाज बायका तशा नटायला लागल्या हेही खरं.

पण तिथे प्रेक्षक काय बघत होता? 'मानापमान'मधली भामिनी बघत होता, 'एकच प्याला'मधली सिंधू बघत होता. बाई बघत होता. स्त्रीपार्टी करणाऱ्याचं कसबच हे की आतला पुरुष दिसता कामा नये. बायकी पुरुष म्हणून, पुरुषाच्याच कपड्यात, मोकळेपणी कुणी समोर उभा राहिलाय आणि समाजानं त्याला डोक्यावर घेतलंय, असं त्यात काही नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोस्टवाल्यानं त्या सरळ एकत्र करून टाकल्यात.

माझ्या शाळेतलंच सांगतो. गॅदरिंगला वर्गातल्या एका मुलानं नऊवारी नेसून लावणी केली होती, शिट्ट्या, वन्समोअर, मुख्याध्यापकांच्या हस्ते बक्षीस. नंतर वर्ग भरला तेव्हा तोच मुलगा नेहमीसारखा दोन्ही हातांनी दप्तर छातीशी धरून आत आला आणि मागच्या बाकावरून टाळ्या सुरू झाल्या, त्या 'तसल्या' टाळ्या, हात आडवा धरून वाजवतात तशा. शिक्षक फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले. त्या पोरांना ती टाळी कुणी शिकवली? आमच्या गावात तेव्हा तृतीयपंथी कधी आलेले मी बघितले नव्हते, ती टाळी आम्हाला सिनेमानं शिकवली, कुणावर वाजवायची यासकट.

आणि तमाशाचंच म्हणाल तर गौळणीतली मावशी आठवा. डोक्यावर पदर घेतलेला पुरुष, कृष्ण आणि पेंद्या बाजारची वाट अडवतात तेव्हा पुढे होऊन भांडणारी मावशी. तिला बोलायला मिळतं, ती देवाला सुद्धा सोडत नाही, हजरजबाबीपणात सगळ्यांच्या वरचढ, आणि हशा येतो तो तिच्या बोलण्याला. सिनेमानं तमाशातून लचक घेतली, टाळी घेतली, मुरका घेतला आणि मावशीची जीभ तेवढी तिथेच ठेवली. हिंदी सिनेमात हा सीन किती वेळा बघितला असेल सांगा: डिझायनर नाहीतर डान्स मास्तर, गळ्यात स्कार्फ, हिरोच्या दंडाला हात लावतो, हिरो दचकून मागे सरकतो, मित्र तोंड वेडंवाकडं करतो, पाठीमागे एक चमत्कारिक म्युझिक वाजतं आणि कट. त्या माणसाला उत्तर द्यायला एक वाक्य नसतं. नाव पण बऱ्याचदा नसतं. तो कुठे राहतो, आई त्याला काय म्हणते, रात्री जेवतो कुणाबरोबर, काही नाही. ही आपली परंपरा नाही, परंपरेतलं सोयीचं तेवढं उचलणं आहे.

आता अवॉर्डं. 'जोगवा'साठी उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हिंदी 'सडक'मधल्या तृतीयपंथी महाराणीसाठी सदाशिव अमरापूरकरांना फिल्मफेअर, 'नटरंग' लोकांनी उचलून धरला, सगळं मान्य. दोन्ही मराठी सिनेमे मला मनापासून आवडतात, आणि आवडतात म्हणूनच त्यांच्याबद्दल हे बोलायचंय.

'नटरंग'मधला गुणा कागलकर कोण? पिळदार अंगाचा मजूर, पैलवान गडी, ज्याला स्टेजवर राजा व्हायचं होतं. फड उभा राहायला नाच्या पाहिजे आणि कुणी तयार होत नाही म्हणून तो मिशी काढतो. अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि नंतर नाच्यासाठी ते उतरवलं, केवढी मेहनत. 'जोगवा'मधला तायप्पा कोण? त्याच्या अंगावर साडी देवीच्या नावानं लादलेली आहे, आतून तो ते काही नाही, सुलीवर त्याचं प्रेम आहे. दोन्ही ठिकाणी आपण रडतो. पण का रडतो, तर एका 'खऱ्या पुरुषावर' ही वेळ आली म्हणून. बायको-पोर किंवा प्रेयसी दाखवून सिनेमा आपल्याला आधीच धीर देतो की घाबरू नका, हा तसा नाहीये. गणपत पाटलांबद्दलचं ते वाक्य मगाशी म्हटलं ना, तेच हे. आपली सहानुभूती मिळवायला आधी पुरुष असल्याचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. 'नटरंग'मध्ये गुणावर बलात्कार होतो तो प्रसंग मराठी सिनेमातल्या सगळ्यात धाडसी प्रसंगांपैकी एक आहे असं मी मानतो, तिथे दिसतं की नाच्या म्हणजे कुणीही हात टाकावा अशी वस्तू असं गाव समजतं. पण तिथे गुणाच्या जागी एखादा जन्माचा बायकी माणूस असता, लग्न न केलेला, मिशी कधी न ठेवलेला, तर थिएटर तेवढंच सुन्न झालं असतं का? मला खात्री नाही आणि मला ही गोष्ट टोचते.

'नटरंग'चे दिग्दर्शक रवी जाधव, 'बालगंधर्व' पण त्यांचाच आणि २०२३ ला तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावर आलेली 'ताली' ही वेबसिरीज पण त्यांचीच. या विषयाकडे इतक्या वेळा वळलेला दुसरा मराठी दिग्दर्शक मला आठवत नाही आणि त्यासाठी मी त्यांचा आभारी आहे. तरी 'ताली'त सुद्धा मोठी गौरी सुष्मिता सेन आणि लहानपणीचा गणेश कृतिका देव, म्हणजे बायकी मुलगा दाखवायला पण मुलगी घेतली. दोघींनी काम चांगलं केलंय, पण खरोखर तसा असलेला एखादा मुलगा, त्याचा स्वतःचा आवाज, स्वतःचे हातवारे, हे कॅमेऱ्यासमोर यायचं राहिलंच. अवॉर्ड मिळतात ती रात्री मेकअप उतरवणाऱ्यांना. त्या अवॉर्डांचं कौतुक सांगून बायकी माणसांचा सन्मान झाला असं म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

'बनवाबनवी बंद करतील' यावर फार लिहायची गरज नाही. कुणी बंद करत नाहीये. सुधीरची सुधा होते आणि परश्याची पार्वती होते ती भाड्याच्या खोलीसाठी, गंमत आहे ती पकडले जाण्याच्या भीतीत, आणि आपण पूर्ण वेळ त्यांच्या बाजूनं असतो. त्यात कुठल्या बायकी माणसाला आणून त्याचा कचरा केलेला नाही. साडीतला पुरुष दिसला की आम्हाला राग येतो असा जो समज करून दिलाय तो चुकीचा आहे.

राहिलं 'समाजात दिसतं तेच दाखवतात, लोकांना हेच लागतं'. समाजात बायकी पुरुष बँकेत कॅशियर आहेत, प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत, केटरिंगची ऑर्डर घेतात, लग्नात रुखवत मांडून देतात, म्हाताऱ्या आईबापाचं करतात. यातलं पडद्यावर किती दिसतं? आणि लोकांना हेच लागतं म्हणाल तर महेश भट्टांनी १९९१ ला 'सडक'मध्ये कुंटणखाना चालवणारी क्रूर महाराणी दाखवली आणि त्याच महेश भट्टांनी १९९७ ला 'तमन्ना'मध्ये टाकून दिलेल्या मुलीला पोटच्या पोरीसारखं वाढवणारा तृतीयपंथी टिक्कू दाखवला, परेश रावल यांनी केलेला. दिग्दर्शक तोच, मधे फक्त सहा वर्षं. म्हणजे काय दाखवायचं हे ठरवता येतं, लोकांच्या नावावर ढकलायचं कारण नाही.

मराठीत २०२५ ला रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं पारितोषिक जिंकून आला, गावाकडच्या दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट, वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा आणि त्याला समजून घेणारी आई. फार हळुवार आणि आपल्या मातीतला सिनेमा. त्यातले दोघं बायकी नाहीत, आणि ते तसे नसणं हा त्या सिनेमाचा दोष पण नाही. पण आता दुसरी गोष्ट पण यावी. बोलताना हात नाचवणारा, आवाज बारीक असलेला, केस निगुतीनं विंचरणारा माणूस हिरो म्हणून यावा, त्याला आडनाव असावं, नोकरी असावी, भावाशी जमिनीवरून भांडण असावं, आणि शेवटपर्यंत 'आतून पुरुषच आहे हो' असा खुलासा त्याला करावा लागू नये.