राजदूतानं लोकसभा लढवायची की नाही? काल कट्ट्यावर झालेला वाद

काल संध्याकाळी लक्ष्मीभुवन चौकात चहा घेता घेता विषय जयशंकरवर गेला अन् मग कोणी हललंच नाही. पव्या म्हणे, "अबे १९७७ पासून फॉरेन सर्व्हिस, चीनमधे राजदूत, मग अमेरिकेत, मग तीन वर्षं परराष्ट्र सचिव, अन् २०१९ ले डायरेक्ट परराष्ट्रमंत्री, अजून काय पाह्यजे तुले?" म्हटलं अनुभव मान्य आहे बे, माणूस हुशार आहे, पण मत कोणाले मागितलं? मे मधे शपथ घेतली अन् जुलैमधे गुजरातमधून राज्यसभा.

"मनमोहनसिंगही राज्यसभेतूनच होते नं, तवा काऊन नाही बोलला?"

तवाही मले पटलं नव्हतं. मले के. आर. नारायणन पटतात. चीन अन् अमेरिका दोन्हीकडे राजदूत राहिलेला माणूस, तोही शाळेसाठी रोज मैलोनमैल पायी जाणारा दलित घरातला पोरगा, १९८४ ले केरळात ओट्टपालममधून लोकसभेले उभा राहिला अन् जिंकला, १९८९ ले दिल्लीत काँग्रेसची सत्ता गेली तरी हा निवडून आला, १९९१ ले परत, अन् १९९७ ले राष्ट्रपती. मीरा कुमारपण फॉरेन सर्व्हिसमधल्याच, १९८५ ले बिजनौरच्या पोटनिवडणुकीत समोर पासवान अन् मायावती दोघंही होते, तरी जिंकल्या.

पव्या ऐकते थोडी. म्हणे फॉरेन सर्व्हिसवाले हरदीप पुरी २०१९ ले अमृतसरमधे पडले, २०२४ ले तिथंच तरणजित संधू पडले, हे संधू तर अमेरिकेत राजदूत होते, "लोकांले नाली-रोडवाला माणूस पाह्यजे राजा." मी शशी थरूरचं नाव काढलं, तिरुअनंतपुरममधून सलग चार वेळा, तर म्हणे ते यूएनवाले, फॉरेन सर्व्हिसवाले नाही. हे मात्र बरोबर बोलला.

पण केरळातल्या कितीतरी घरचं कोणी ना कोणी आखातात कामाले आहे, कोणाचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवला, कोणाची बॉडी आणायची आहे, तिथं दूतावास म्हणजे लोकांले नाली-रोडएवढीच रोजची गोष्ट आहे. आपल्या इकडची पोरंही आता दुबई-कतारले जाऊन राहिली. त्यांच्या मायबापानं अडचणीत कोणाचं दार वाजवायचं, राज्यसभेतल्या मंत्र्याचं? त्याले तर आपला मतदारसंघच नाही. यावर पव्या गप्प बसला, मग म्हणे उद्या सांगतो.