टीसीई कमी झालं म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही

टीसीईसारख्या कारखान्यांतल्या रसायनांनी दूषित झालेल्या भूजलाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘निसर्ग करतो हो आपोआप साफ.’ मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते आणि हे वाक्य मला फार खटकतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जिवावर बेतू शकतं.

ही सफाई करणारा डिहॅलोकोकॉइड्स मॅकार्टी नावाचा एक जिवाणू आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली तो सांडपाण्याच्या गाळातून वेगळा केल्याचं जाहीर केलं. ड्रायक्लीनिंगमधलं पीसीई आणि यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायचं टीसीई, ही सॉल्व्हंट, म्हणजे तेलकट मळ विरघळवणारी द्रवं, पाण्यापेक्षा जड. जमिनीत मुरली की खोलवर जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोडीथोडी पाण्यात उतरत राहतात. आपण ऑक्सिजनवर श्वास घेतो, हा जिवाणू या विषांवर घेतो! ऑक्सिजन त्याला मुळीच सोसत नाही. हायड्रोजन आणि बी-१२ जीवनसत्त्व सुद्धा त्याला आजूबाजूच्या जिवाणूंकडून मिळवावं लागतं.

पीसीईवर क्लोरीनचे चार अणू असतात. जिवाणूंच्या या श्वासात एकेक निघत गेला की आधी टीसीई, मग डीसीई, मग व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी इथिलीन. इथिलीन म्हणजे आंबे-केळी पिकताना सुटतो तोच वायू, त्याची भीती नाही. भीती आहे त्याच्या आधीच्या पायरीची. व्हिनाइल क्लोराइडने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, व्हिनाइल क्लोराइडची फक्त २. साखळी तिथे अडकली, तर टीसीई ‘कमी झालेलं’ पाणी आधीपेक्षा घातक ठरू शकतं.

आणि साखळी अडकते. डीसीईपर्यंत आणणारे जिवाणू बरेच आहेत, पुढचं काम मुख्यतः डिहॅलोकोकॉइड्सचंच. त्यातही याच्या सगळ्या वाणांना शेवटची पायरी नीट जमत नाही. टेक्सासमधल्या केली हवाई तळावर जमिनीतल्या जिवाणूंना मिथेनॉल आणि ॲसिटेट पुरवूनही गाडी डीसीईवरच थांबली होती. मग हा जिवाणू असलेलं केबी-१ नावाचं मिश्रण विरजणासारखं सोडलं, तेव्हा कुठे इथिलीन दिसू लागलं. साधारण २०० दिवसांत पीसीई, टीसीई आणि डीसीई तिन्ही ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आली. ‘आपोआप’ काहीच झालं नाही. कुणीतरी मोजलं, पैसे घातले, महिनोन्महिने लक्ष ठेवलं. हा खर्च ज्याने विष सोडलं त्यानेच करायचा, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या विहिरीशेजारी कारखाना असेल आणि टीसीई उतरल्याचा अहवाल कुणी हातात ठेवला, तर व्हिनाइल क्लोराइड आणि इथिलीनचे आकडे मागा. ते मिळेपर्यंत ते पाणी पिऊ नका.