किती तोळ्याचं हो?

मनगटावर सोन्याचं घड्याळ दिसलं की लग्नाच्या पंगतीत पहिला प्रश्न येतो, "किती तोळ्याचं हो?" दुसरा, "बॅटरी केवढ्याला पडते?" पहिल्याचं उत्तर ऐकून माणूस हिरमुसतो आणि दुसऱ्याचं ऐकून त्याला माझी कीव येते. सोनं दोन-तीन तोळे भरलं तरी डोक्यावरून पाणी, आणि बॅटरी नाहीच. रोज सकाळी चावी द्यावी लागते. "अगं बाई," मावशी म्हणते, "एवढे पैसे घालून वर रोज चावी?"

त्यातही सोनं अठरा कॅरेटचं. आपल्याकडे ९१६च्या खाली सगळी भेसळ, त्यामुळे ७५० हा आकडा ऐकताच मावशीचा चेहरा दूधवाल्याला पकडल्यासारखा होतो. पण घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, बावीस कॅरेटची केली तर पट्ट्याची पिन ज्या भोकांत बसते ती रुंदावतात आणि मागचं दाबून बसणारं झाकण सैल होतं. म्हणून हजारात ७५० भाग सोनं आणि उरलेले चांदी-तांबं. नेहमीच्या पिवळ्या मिश्रणात दोन्ही १२५-१२५. गुलाबी हवं असेल तर तांबं २०५ आणि चांदी ४५. हे सांगेपर्यंत मावशी जिलबीकडे वळलेली असते.

खरी पंचाईत शिक्क्याची. स्विस सोन्याच्या केसवर १९९५ पासून सरकारी शिक्का म्हणून सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं असतं. त्याआधी अठरा कॅरेटला हेल्वेशिया या स्वित्झर्लंडच्या प्रतीकदेवीचा मुखडा होता आणि चौदा कॅरेटला खार. आता शुद्धतेचा पुरावा म्हणून केसच्या शिंगामागचं (पट्टा जिथं अडकतो त्या टोकांना शिंगं म्हणतात) कुत्रं दाखवायचं आणि वर समोरच्यानं विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करायची!

मुळात हे घड्याळ दागिना नाहीच, असं पुरुषमंडळी शपथेवर सांगतात. ही पळवाट बरीच जुनी आहे. सोळाव्या शतकात जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विनच्या राजवटीत दागदागिन्यांवर बंदी आली. सोनारांनी हात चोळत बसण्याऐवजी घड्याळं घडवायला घेतली. १६०१ मध्ये तिथं घड्याळजींचा संघही झाला. दागिना नव्हे हो, वेळ बघायचं यंत्र! चारशे वर्षं झाली, सबब तीच आहे.

अशा साध्या, पातळ, चावीच्या घड्याळांचा मूळपुरुष धरायचा तर पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १९३२ सालचं कॅलाट्रावा, संदर्भ क्रमांक ९६. व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर. हल्लीच्या थाळीएवढ्या घड्याळांपुढे ते आमटीची वाटी वाटतं. सपाट कडं, त्यातूनच वळत निघालेली चार शिंगं, आणि मधोमध कणा असलेले काटे. कण्याच्या एका बाजूला उजेड पडला की दुसरी काळी दिसते. तबकडीवर आकड्यांच्या जागी बसवलेल्या पट्ट्याही नुसत्या चिकटवत नाहीत. त्यांना बारीक पाय असतात, ते तबकडीच्या भोकांत बसतात. जाडी इतकी कमी की शर्टाच्या कफाखाली घड्याळ गडप व्हावं. म्हणजे पैसे मोजायचे ते न दिसण्याचे.

आणि जे खरोखर बघण्यासारखं आहे ते झाकणाआड. सोनाराच्या भाषेत बोलायचं तर हे घड्याळ म्हणजे सगळी घडणावळच. आतल्या पुलांच्या (चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना पूल म्हणतात) कडा पंचेचाळीस अंशांत तासतात. आधी कानस, मग दगड, शेवटी जेन्शियन नावाच्या झुडपाच्या वाळक्या काडीला हिऱ्याची पूड लावून चकाकी आणतात. बाहेरचे कोपरे यंत्रालाही जमतात. आतल्या कोपऱ्यात मात्र फिरतं हत्यार गोलाईच सोडतं. तिथं दोन चकचकीत कडा सुईच्या टोकासारख्या मिळाल्या असतील तर तो हात माणसाचा. जुनं घड्याळ कुणी "हातानं फिनिश केलेलं" म्हणून विकायला आणलं, की भिंग लावून आधी तो कोपरा शोधावा. विकणाऱ्याच्या गप्पा नंतर ऐकाव्यात.

पोलादी स्क्रूंची तर निराळीच तऱ्हा. डोकं कथलाच्या पाट्यावर हिऱ्याच्या लेपात इतकं घासायचं की एका कोनातून आरसा आणि दुसऱ्यातून काजळ दिसावं. निळे स्क्रू हवे असतील तर ते पितळेच्या किसाच्या गादीवर ठेवून तापवायचे. आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि २९०-३०० अंश सेल्सियसच्या सुमारास तो गडद निळा. एकतारी पाकाचा दोनतारी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात निळ्याचा फिकट राखाडी होतो. मग पुन्हा घासा, पुन्हा तापवा. बोटाचं तेल लागलं असेल तर डाग पडतो, पुन्हा तेच. तबकडीखालच्या पट्टीवर तर एकमेकांवर चढलेली शेकडो वर्तुळं काढलेली असतात, ती फक्त घड्याळजी बघतो, तेही चार-पाच वर्षांनी तेल बदलताना. देवळाच्या कळसामागची नक्षी निदान कबुतरांना तरी दिसते.

"अठरा ज्वेल" ऐकून मावशी पुन्हा वळते. ती माणकं असतात, पण कारखान्यात बनलेली, कवडीमोलाची. केसाएवढ्या बारीक आसाला ती भोकं देतात, झिजत नाहीत आणि तेलाचा थेंब जागेवर धरतात. मावशी पुन्हा जिलबीकडे.

आता रोजची सेवा. चावी द्यायची तर घड्याळ हातातून काढून. हातात असताना चावी तिरकी ओढली जाते आणि तिची दांडी वाकते. अंगठा आणि तर्जनीत धरून पुढच्या दिशेनं पंचवीस-तीस वळसे. शेवटी विरोध जाणवला की थांबायचं. ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणाऱ्या) घड्याळाची स्प्रिंग शेवटी घसरते, म्हणून त्यांना चावी देत राहिलं तरी चालतं. या घड्याळात स्प्रिंगचं टोक ती ज्या डबीत बसते त्या डबीला अडकवलेलं असतं. सवयीनं जोर लावला की काहीतरी तुटतं. चावी सकाळी द्यायची, कारण भरलेली स्प्रिंग दिवसभर एकसारखा जोर देते. चाळीसेक तास चालतं म्हणून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ताणलं तर ठोके देणाऱ्या, मागेपुढे झुलणाऱ्या चक्राचा झोका आखडतो आणि वेळ भरकटते.

जुन्या चालीचं यंत्र सेकंदाला पाच ठोके देतं, दिवसाला ४,३२,००० ठोके. एवढ्या खटाटोपानंतर दिवसाकाठी पाच-दहा सेकंदांची चूक झाली तर आम्ही त्याला "अफलातून" म्हणतो. फुटपाथवरचं बॅटरीचं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा सेकंद चुकतं. ही तुलना घरात करू नये.

एखाद्या दिवशी घड्याळ अचानक दहा मिनिटं पुढे पळालं तर दोष मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरचा किंवा स्पीकरचा. त्या चक्राला झुलवणाऱ्या, केसासारख्या बारीक दुसऱ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड होते आणि ठोके भराभर पडतात. होकायंत्र जवळ नेलं की सुई वळते. घड्याळजी यंत्रावर धरून काही सेकंदांत चुंबकत्व घालवतो. त्याआधी घड्याळ उघडायला लावू नये.

गणपतीत आरतीच्या टाळ्यांआधी ते उजव्या खिशात, झांजा वाजवायच्या असतील तर घरीच. धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा असतात, पण त्या अपघातासाठी. दीड तासाच्या उत्साहासाठी नव्हेत. हळदीला तर नकोच, पट्टा कायमचा पिवळा होतो. मागे "३० मीटर" लिहिलंय म्हणून आषाढात मिरवू नये. ते हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतं असतं. काचेखाली वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात पुरू नये. भुसा आत जातो आणि पोलादाला गंज चढायचा तो चढतोच. त्याच दिवशी उघडून घ्यावं.

पण पाण्याहून मोठा शत्रू म्हणजे प्रेमळ सराफ. "जरा पॉलिश मारून देतो" म्हणत तो चाकाला लावतो, आणि शिंगांच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या होतात. कुत्र्याचं नाक जातं, मग डोळे, मग नुसता फुगवटा. संग्राहक ओरखडे चालवून घेतात. गोल झालेली शिंगं नाही.

तरी विम्यासाठी किंमत काढायला एकदा तरी पेढीवर जावंच लागतं. सराफ घड्याळ तळहातावर झेलतो, ७५० वाचतो, कसोटीचा दगड काढायला निघतो. तो हात आपण दोन्ही हातांनी धरायचा. मग तो मागचं झाकण उघडतो. पूल, निळे स्क्रू, तो आतला कोपरा, सगळं दिव्याखाली लखलखतं. तो भिंग लावून निरखतो, मान डोलावतो आणि समजूतदारपणे म्हणतो,

"मशीन काढून देतो, साहेब. ते तुम्ही घेऊन जा. वजन नुसत्या केसचं धरू."