छोटा री-रेझ म्हणजे एक्केच? फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

इंदूरला रामबाग-टिळकनगरकडच्या आपल्या पत्तेवाल्या ग्रुपांवर पोकरबद्दल (टेक्सस होल्डेम: प्रत्येकाला दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच) एक मेसेज फिरतोय: "फ्लॉपआधी कोणी अगदी छोटा री-रेझ केला की समोर एक्क्यांची जोडीच असते, डोळे मिटून पत्ते टाका." (फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते; री-रेझ म्हणजे कोणी रक्कम वाढवल्यावर तिच्यावर पुन्हा वाढवणं.) हे बरोबर नाही.

हिशोब मांडून बघा. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायचीच रक्कम) ५०-१००. तुम्ही ३०० केले, समोरच्याने ५००. (तुमची वाढ २०० ची, म्हणून त्याचीही किमान तेवढीच, याहून छोटा री-रेझ नियमात बसत नाही.) बाकी सगळे, ब्लाइंडवालेही, फोल्ड (पत्ते टाकून बाहेर). पॉटमध्ये (मधल्या जमा रकमेत) ५०+१००+३००+५०० = ९५०, तुम्हाला घालायचे फक्त २००. म्हणजे एकूण ११५० त तुमचे २००: साडेसतरा टक्के वेळा जिंकलात तरी कॉल (तेवढी रक्कम घालून खेळात राहणं) फिटतो. बदामची अठ्ठी-सत्ती खऱ्याखुऱ्या एक्क्यांसमोरसुद्धा, पाचही पत्ते उघडेपर्यंत टिकली तर, २० टक्क्यांहून जास्त वेळा जिंकते! शिवाय एक्क्यांची जोडी ६ प्रकारे जमते, एक्का-राजा १६ प्रकारे. मग एक्केच कशावरून?

मेसेजमध्ये तथ्य एवढंच, की काही सावध खेळाडू मोठ्या जोडीवरच असं करतात. त्यांच्यासमोर एक्का-नव्वी खुशाल टाका. छोट्या जोडीला सेट (जोडीचाच तिसरा पत्ता) फ्लॉपवर साधारण साडेआठांत एकदाच लागतो, त्यामुळे दोघांकडे चिप्स भरपूर असतील तरच कॉल. फ्लॉपनंतर आधी तुम्हालाच खेळायचं असेल तर हात थोडा आखडताच बरा. राजांची जोडी असेल तर मात्र नुसता कॉल कशाला, पुन्हा वाढवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा हिशोब टाका.